अमेरिकन किल्लीला पंचामृत

आमच्या त्या अमेरिकन गाडीबद्दल अख्ख्या कलकत्त्यात माझ्याएवढं कुणाला कळत नाही. अर्थात ती गाडी आता कलकत्त्यात फारसं कुणी ठेवतच नाही, त्यामुळे माझा पहिला नंबर कसा आला ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

मी बालीगंजला माझ्यासारख्याच एका मराठी बाईंकडे ड्रायव्हर. बाई शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांचे मिस्टर, आम्ही त्यांना साहेब म्हणायचो, सरकारी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. बदली होऊन आले आणि इथलेच झाले. साहेब वारले. मागं उरलो बाई, गाडी आणि मी. तिघांत आधी मोडीत कोण निघणार एवढाच प्रश्न होता. माझी बायको बाईंकडे स्वयंपाक करते आणि आम्ही दोघं गॅरेजवरच्या बुटक्या खोलीत राहतो. खोलीत मला सरळ उभं राहता येत नाही. वाकून वाकून आता मी रस्त्यातही वाकूनच चालतो, लोकांना वाटतं फार नम्र माणूस आहे. पण खोली आमची नाही. खाली गाडी उभी आहे म्हणून वर आम्ही आहोत. गाडी गेली की गॅरेज जाणार, आणि गॅरेजबरोबर खोली.

शाळा मी तिसरीत सोडली. म्हणजे शाळेनंच मला सोडलं, पण मी जरा आधी निघालो असं सांगतो. गाडीचं नाव मला आजही वाचता येत नाही, पण तिचा बिल्ला मी पार एस्प्लनेडच्या गर्दीत लांबून ओळखतो. कारण तो बिल्ला मी बापाच्या टोपीवर बघितला होता.

माझा बाप इथल्या एका ज्यूटवाल्या शेटजींकडे त्याच कंपनीची मोठी गाडी चालवायचा. पुढचं सीट म्हणजे सोफा, तिघं ऐसपैस बसायचे. गिअर स्टिअरिंगच्या दांडीला. गाडी चौरंगीवरनं निघाली की ट्रामवाला घंटी मारायचं विसरायचा, असं बाप सांगायचा. बापाचं निम्मं बोलणं खोटं असायचं, फक्त कुठलं निम्मं ते कळायचं नाही.

एकदा शेटजींकडे अमेरिकेहून पाहुणा आला. बाप टोपी घालून, दार उघडून उभा. पाहुण्यानं गाडी बघितली आणि हसला. काय बोलला ते मुनीमजींनी बापाला नंतर समजावून सांगितलं. म्हणे, "ही गाडी आमच्याकडे दूधवाल्याकडे असते." बापाला दोन घास गोड लागेनात. मग त्यानं इकडं तिकडं चौकशी केली, तर खरंच निघालं. तिकडं ती कंपनी निघालीच मुळी साध्या माणसासाठी. शेतकरी, मास्तर, कारखान्यातला कामगार, सगळ्यांना परवडावी म्हणून. कामगार म्हणे स्वतःच्या गाडीतनं कामावर यायचा. बापाला ते शेवटपर्यंत पटलं नाही. तो म्हणायचा, "कामगार गाडीतनं आला तर शेटजी कशातनं येणार?"

तर तिकडची गरिबाची गाडी जहाजात बसून कर भरत भरत खिदिरपूरच्या गोदीत उतरली की श्रीमंताची व्हायची. पुढं शेटजींचं दिवाळं वाजलं, तीच गाडी लग्नाच्या वरातीला भाड्यानं जायला लागली, आणि शेवटी एका गोठ्यामागं उभी राहिली. तिच्यात दूधवाल्याचे डबे ठेवलेले मी स्वतः पाहिलेत. म्हणजे पाहुणा खोटं बोलला नव्हता, फक्त जरा लवकर बोलला.

मग खूप वर्षांनी ती कंपनी आपल्याकडं छोटी गाडी घेऊन आली. इथंच बनवलेली, साहेबांसारख्या पगारदाराला झेपणारी. साहेब मला म्हणाले, "तुला चालवायचीय, तू सांग कुठली घ्यायची." बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी जपानी घेतल्या होत्या. मी गेलो, बिल्ला बघितला, बाप आठवला आणि म्हणालो, "साहेब, हीच." इंजिन बघितलं नाही, अ‍ॅव्हरेज विचारलं नाही. साहेबांनी माझ्या बापाच्या टोपीवर विश्वास ठेवून दसऱ्याच्या दिवशी गाडी घेतली.

गाडी मात्र चांगली निघाली हो. दार लावलं की तिजोरी लावल्यासारखा आवाज. स्टिअरिंग हातात असं बसायचं की माझ्यासारखाही ड्रायव्हर वाटायचा. पण एक दिवस साहेब पेपर वाचता वाचता मागनं म्हणाले, "अरे, तुझे अमेरिकन चालले." मला वाटलं पाहुणे. तर कंपनीच देशातनं गाशा गुंडाळून निघाली होती. आमच्या शोरूमच्या जागी आता बाथरूमच्या फरश्या मिळतात. सामान मिळायचं, पण शोधावं लागायचं. चहाच्या टपरीवर बाकीचे ड्रायव्हर मला विचारायचे, "काय दादा, कंपनीचं पत्र आलं का? खुशाल आहेत ना तिकडं?" गाडीला त्यांनी नाव ठेवलं होतं 'अनाथ'. मी म्हणायचो, "अनाथ कशी? मी आहे ना." ते म्हणायचे, "म्हणूनच."

बाईंचा मुलगा पुण्याला असतो. त्याला गाडी चालवायला मी शिकवली, म्हणून तो अजून जरा घाबरत चालवतो. गेल्या वर्षी दुर्गापूजेच्या आधी त्याचा फोन आला. बाई मागच्या सीटवर, फोन स्पीकरवर, कारण बाईंना ऐकू कमी येतं. मला चांगलं येतं.

"आई, ती गाडी काढून टाक. उद्या रस्त्यात बंद पडली तर कुणाच्या दारात जाणार?"

"ड्रायव्हर आहे ना."

"ड्रायव्हर काय करणार, धक्का मारणार? त्याचं वय बघ!"

आरशात बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी रस्त्याकडं बघितलं. रस्ता रिकामा होता तरी हॉर्न वाजवला.

शेवटी असं ठरलं, की मुलगा दसऱ्याला येणार. गाडीनं त्याला हावडा स्टेशनवरनं आणायचं. नीट आणलं तर तो परत हा विषय काढणार नाही. नाही आणलं तर गाडी विकायची, आणि गॅरेज पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरांना द्यायचं. डॉक्टरांचा ड्रायव्हर तरणा होता आणि त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. तो येता जाता आमच्या खोलीकडं मान वर करून बघायला लागला.

मी सारखा थट्टा करतो म्हणून लोकांना वाटतं मला कशाचं काही नाही. पण त्या दिवसांत मी अर्ध्या ताटावरनं उठायचो. दुसरं काम मिळतं का म्हणून मी गुपचूप फिरलो. एका ठिकाणी म्हणाले, मोबाइलवर रस्ता वाचता येतो का? मी म्हणालो, रस्ता मला पाठ आहे. ते म्हणाले, आम्हाला पाठ नाही, आम्हाला तो मोबाइलवर दिसला पाहिजे. मग एका बिल्डिंगमध्ये दरवान म्हणून विचारलं. तिथं येणाऱ्याजाणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. म्हणजे नुसतं गेटवर उभं राहायलाही शिकलेला माणूस लागतो. घरी येऊन बायकोला म्हणालो, "आपण गावी जाऊ." ती म्हणाली, "कुठल्या गावी? तुमचा जन्म इथला, माझाही इथला. गाव काय भाड्यानं मिळतं?" आणि कणीक मळत राहिली. नंतर ती परातीवर वाकून बराच वेळ तशीच बसली होती. मला विनोद सुचला नाही. असं सहसा होत नाही.

मग मी गाडीच्या मागं लागलो. ऑइल बदललं, बॅटरी बघितली, पट्टे बघितले, टायर बघितले. रोज पहाटे उठून सुरू करायचो, रोज एका झटक्यात सुरू व्हायची. गाडीत खोट सापडेना. माणसाला काहीतरी करायचं असतं आणि करायला काही उरत नाही, तेव्हा त्यानं गप्प झोपावं. मी देवाकडं गेलो.

आपल्याकडं खंडेनवमीला हत्यारं, अवजारं पुजतात. साहेब असताना ते त्या दिवशी गाडीची किल्ली देवघरात ठेवायचे, हळदकुंकू वाहायचे, आणि दसऱ्याला आपट्याच्या पानाबरोबर माझ्या हातात द्यायचे. आपटा इथं मिळत नाही, त्याच्यासारखी दिसणारी कांचनची पानं आम्ही वापरतो. साहेब गेल्यावर किल्ली पुजायचं काम बाईंनी माझ्याकडं दिलं होतं.

किल्ली एकच. दुसरी मी हुगळीत घालवली होती. मराठी मंडळाच्या गणपतीचं विसर्जन होतं, पाट माझ्या हातात, मोरया म्हणून वाकलो आणि खिशातली किल्ली गणपतीच्या आधी पाण्यात गेली. तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "बरं झालं, त्या उंदराला तेवढीच सुट्टी." उरलेल्या किल्लीचं प्लास्टिक फुटलेलं, वरनं रबर गुंडाळलेलं.

तर नवमीची दुपार. बाई झोपलेल्या, बायको बाजारात. मी देवघरात बसलो. मनात आलं, दरवर्षी नुसतं कुंकू. संकट एवढं मोठं आणि कुंकू चिमूटभर? सत्यनारायणात भटजी देवाला पंचामृतानं न्हाऊ घालतात ते मी लांबनं बघितलेलं. किल्ली ताम्हनात ठेवली. रबर काढलं, म्हणलं आतपर्यंत पोचू दे. दूध घातलं, दही घातलं, तूप, साखर, आणि बाईंच्या मुलानं महाबळेश्वरचा म्हणून पाठवलेला मध. मंत्र येत नव्हते, म्हणून गाडीच्या सगळ्या पार्टांची नावं घेतली. क्लच, ब्रेक, रेडिएटर, सगळे. हात जोडून म्हणालो, "एवढ्या एका खेपेला मला हावड्याला जाऊन येऊ दे." डोळ्यांत पाणी आलं. तेही ताम्हनातच पडलं असेल.

तेवढ्यात जिन्यावर बायकोच्या चपलांचा आवाज. मधाची बाटली अर्धी झालेली. बायको त्या मधाला स्वतः हात लावत नाही आणि मलाही लावू देत नाही. मी किल्ली उचलली, आणि पुरावा राहायला नको म्हणून ताम्हन तोंडाला लावून सगळं पंचामृत एका दमात पिऊन टाकलं. फेकणार कुठं, तीर्थ ते. शेवटच्या घोटाला काहीतरी बारीक, कडक जिभेवर आलं. न विरघळलेली साखर असेल म्हणून गिळलं. चावलं असतं, पण त्या बाजूला मला दाढा नाहीत. किल्ली पुसली, रबर लावलं, कुंकू वाहिलं, आणि कधी नव्हे तो पोटभर जेवलो.

दसऱ्याला सकाळी बाई नवी साडी नेसून खाली खुर्ची टाकून बसल्या. मी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली आणि लगेच बंद. पुन्हा फिरवली. सुरू, बंद. समोर किल्लीच्या चित्राचा तांबडा दिवा लुकलुकायला लागला. तो दिवा मी इतक्या वर्षांत कधी बघितला नव्हता.

"झाली का रे?" बाईंनी विचारलं.

"होतेय बाई. जरा लाजतेय."

बालीगंज स्टेशनापलीकडच्या ओळखीच्या मिस्त्रीला फोन केला. विजयादशमीचा दिवस, सगळी गॅरेजं बंद. बिचारा नव्या झब्ब्यात, तोंडात संदेशची मिठाई धरून आला. त्यानं बॉनेटला हातच लावला नाही. किल्ली हातात घेतली, वास घेतला.

"दादा, ह्याला दह्याचा वास कसा काय?"

मी सांगितलं. त्यानं किल्ली उघडली, बोटांनी आत चाचपली.

"ह्याच्या आत एक दाणा असतो. काळा, तांदळाहून जरा मोठा. तो जवळ असला तरच गाडी चालू राहते, चोरांना चालवता येऊ नये म्हणून. दाणा कुठं गेला?"

हात आपोआप पोटावर गेला. मिस्त्रीनं माझ्या हाताकडं बघितलं, पोटाकडं बघितलं, आणि तोंडातला संदेश गिळायचं विसरला.

"मा गो," तो म्हणाला. मग हसू आवरत म्हणाला, "दुसरा बसवता येतो, पण ते करणारा माणूस पूजेत गावी गेलाय. आता एकच उपाय आहे. तो दाणा किल्लीच्या भोकापाशी न्या."

तो थट्टेत बोलला. मी थट्टेच्या पलीकडं गेलो होतो. सीट पुढं ओढलं, सदरा वर केला आणि पोट स्टिअरिंगच्या दांडीला लावलं. एका हातानं किल्ली फिरवली. सुरू, बंद. "अजून वर," मिस्त्री म्हणाला. मी गुडघ्यावर उभा राहिलो, डोकं छताला, बेंबी किल्लीला. सुरू, बंद. समोरनं देवीला आणि एकमेकींना सिंदूर लावून बायका येत होत्या, तोंडं लाल झालेली. त्या थांबून बघायला लागल्या. डॉक्टरांचा ड्रायव्हरही आला. मी श्वास ओढून पोट पुढं ढकललं आणि मनात म्हणलं, चाल गं बाई, आत आहे तो, तुझाच आहे, ओळख. गाडी सुरू झाली आणि बंद झाली. तांबडा दिवा तसाच. माझ्या तोंडातनं असा काही आवाज निघाला की बायको वरनं धावत आली. तिला वाटलं कुणीतरी गेलं.

"पिवळी टॅक्सी आण," बाई म्हणाल्या.

आणली. बाई मागं बसल्या, मी पुढं टॅक्सीवाल्याशेजारी. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच डाव्या बाजूला बसलो होतो. तो ब्रेक मारायचा तिथं माझाही पाय खाली जायचा, पण खाली काही नव्हतं. रस्त्यात मिरवणुका, ढाकाचे ढोल वाजत होते, ट्रकवर देवी विसर्जनाला चालली होती. माझ्या मनात आलं, हिचं बरं आहे. वाजतगाजत निघाली, आणि पुढच्या वर्षी जागा ठरलेली.

"खरं सांग, काय केलंस?" बाईंनी मागनं विचारलं.

मी मान न वळवता सगळं सांगितलं. पंचामृत, मध, साखरेचा खडा, सगळं. पुलावर आलो तेव्हा मी आरशात बघितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता आणि खांदे हलत होते. हसत होत्या की रडत होत्या, विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मुलगा स्टेशनबाहेर बॅग घेऊन उभा. त्यानं पिवळी टॅक्सी बघितली, तिच्यातनं उतरताना मला बघितलं. मी वाकून त्याच्या हातात कांचनचं पान ठेवलं. "सोनं घ्या, भाऊ."

"बरं," तो म्हणाला. पान खिशात ठेवलं आणि फोन काढून गाड्या घेणाऱ्या कुणालातरी मेसेज केला.

पुढचे दिवस कसे गेले ते सगळं सांगण्यासारखं नाही. बायको रोज सकाळी संडासच्या दारापाशी उभी राहून विचारायची, "आली का तुमची अमेरिका?" आली असलीच तर मला दिसली नाही. गाद्या बांधायला आम्ही दोऱ्या आणून ठेवल्या होत्या. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं, पण दोऱ्या होत्या. डॉक्टरांचा ड्रायव्हर एकदा टेप घेऊन येऊन खोली मोजून गेला. मी टेपचं दुसरं टोक धरलं.

कोजागरीची लक्ष्मीपूजा झाल्यावर जुन्या गाड्या घेणारा माणूस आला, मागं हूक लावलेला ट्रक घेऊन. त्यानं दार उघडलं, लावलं. तिजोरीचा आवाज झाला. मला वाटलं, आता हा म्हणेल काय गाडी आहे. त्यानं नाक मुरडलं. बाईंना म्हणाला, "माताजी, ह्या अमेरिकन गाड्यांचं असंच असतं. कंपनीच पळून गेली. इंजिनात काहीतरी मोठा लफडा असणार."

मी पुढं झालो. एवढा वेळ गप्प होतो, पण हे मला सोसेना. तिकडं ही गाडी कुणासाठी काढली, इकडं तिच्यात कोण कोण बसलं, सगळं त्याला सांगणार होतो. माझा बाप टोपी सरळ करून मागं उभा आहे असं वाटलं. तोंड उघडलं, तर बाईंनी हातानं मला बाजूला केलं.

"गाडीत काही खोट नाही," बाई त्या माणसाला म्हणाल्या. "खोट हा ड्रायव्हर आहे. तो विकायचा नाही. आणि फुकट दिला तरी कुणी नेणार नाही, म्हणून गॅरेज गेलं तरी वरच्या खोलीत आहे तिथंच राहील."